जावळाआधी सुई नको

तिसगावच्या स्टँडपास्नं आत वळलं की डाव्या हाताला रंगनाथनानाचं दुकान. एक खुर्ची, एक आरसा, आरशाला वरच्या कोपऱ्यात तडा. पंखा हाय, पन त्याचं वारं गिऱ्हाइकापेक्षा माश्यांनाच जास्त लागतं. शेजारी दोन नवी सलूनं झाली, काचंची, गानी लावनारी, पोरांच्या डोक्यावर रेघा मारनारी. तरनी पोरं तिकडंच जात्यात. नानाला त्याचं काय वाटत न्हाई. कारन नानाचा खरा धंदा मोठ्या डोक्यांचा कधी नव्हताच. नाना म्हंजी जावळ.

पाच-धा कोसात कुनाच्या घरी पोराचं पयलं केस काढायचं ठरलं की सांगावा नानाला. मामाच्या मांडीवर पोरगं, भवती आत्या-मावश्यांचा गराडा, चुलीवर जेवन रटरटतंय आन् मधी नाना, धोकटी पुढ्यात घेऊन. वस्तरा तो आधी काढायचाच न्हाई. ओल्या बोटांनी पोराची टाळू चोळत बसायचा. त्या बोटांत काय हुतं कुनास ठाऊक, रडून लालीलाल झालेलं पोरगं जांभया द्यायला लागायचं. मंग एका कानापास्नं दुसऱ्या कानापतूर वस्तरा असा फिरायचा, की केस वटीत पडल्यावर आईला कळायचं, काम झालं. तीस वर्सं हेच केलं त्यानं.

तीस वर्सांत रगात एकदाच आलं. लई जुनी गोष्ट. पोराला हप्त्याभरापूर्वी नवव्या म्हयन्याची सुई दिली हुती आन् त्याला नेमका जावळाच्या दिवशी ताप भरला. पोरानं मान अशी काय हिसडली, की कानामागं वस्तरा लागला. जखम काय मोठी नव्हती, तुरटी लावली आन् थांबली. पन पोराच्या मामानं शंभर मानसांत नानाच्या थोबाडीत मारली. नाना धोकटी गुंडाळून न जेवता घरी आला. त्यानंतर जावळाचा दिवस ठरवायला जो यील त्याला नाना पयलं वाक्य सांगायचा.

"आधी जावळ, मंग सुई. सुईनं ताप येतो, पोरगं मांडीवर ठरत न्हाई."

यात देवाचं काय नव्हतं, धर्माचं काय नव्हतं. कारागिराचं बोलनं हुतं ते. पन लोकांचं कसं हाय, डॉक्टरनं धा वेळा सांगितलं तर एक कान, आन् न्हाव्यानं एकदा सांगितलं तर दोन कान. वाक्य पाय फुटून वाड्या-वस्त्यांवर हिंडायला लागलं. नाना जिथं कधी गेला न्हाई तिथल्या बायाबी सांगायच्या, जावळाआधी सुई नको म्हनून. आन् जावळ काय येळेवर हुतंय व्हय? मामाला सुट्टी न्हाई. मामा दुसऱ्या टोळीत ऊस तोडायला गेलाय. चुलत्याचं सुतक आलं. नऊ म्हयन्याचं पोरगं दीड वर्साचं हुतं. तवर दसरा येतो, टोळी निघती, आन् जावळ झालं तरी सुई मागंच ऱ्हाती.

उपकेंद्राच्या रेश्मा सिस्टरला हे ठाऊक हुतं. ती नानाला रस्त्यात गाठून म्हनायची, "नाना, तुमच्या वस्तऱ्यापायी माझी लस माघारी जाती."

नाना हसायचा. "चार दिसांनी दिली तर शिळी हुती का सिस्टर?"

"लस न्हाई शिळी हुत. गोवर थांबत न्हाई तवर."

नाना हसून गाडीला किक मारायचा. त्याला ती बाई कटकटी वाटायची. खरं ते खरं.

मंग भादव्यात गोवर आला. आधी वरच्या वस्तीवर दोन पोरं, मंग चार, मंग मोजायचंच सोडलं लोकांनी. नानाचा एक जोडीदार हाय, बन्सी. शाळेपास्नंचा. रोज सकाळी दुकानाच्या पायरीवर बसून पेपर वाचनार आन् नानाच्या पैशानं चहा पिनार, असला. तो पंधरा दिस आलाच न्हाई. नानाला वाटलं, बाजरी काढायला गुतला आसल. सोळाव्या दिवशी आला तर दाढी वाढलेली, डोळं आत गेलेलं. पायरीवर न बसता सरळ खुर्चीत बसला.

नानानं साबन लावला. "कुठं मेला हुता रं?"

"नगरला. दवाखान्यात."

"कोन?"

"ओंकार."

ओंकार बन्सीचा नातू. सव्वा वर्साचा. चैतात त्याचं जावळ नानानंच काढलं हुतं, बन्सीच्या अंगनात, लिंबाखाली. 

"गोवर निघाला," बन्सी आरशाकडं बघत म्हनला. "आधी ताप, खोकला, डोळं लाल. मंग कानामागनं पुरळ. म्हातारीनं घरात फोडनी बंद केली, दाराला लिंबाचा पाला लावला. चार दिस काढलं तसंच. मंग पोरगं श्वासच घीना. फासळ्या आत-भाईर. छातीत न्यूमोनिया झाला म्हनं."

"आता?"

"आता बरा हाय. काल घरी आनला. पन उजवा कान वाहतोय. त्या कानानं ऐकू येतं का न्हाई ते पुढच्या म्हयन्यात तपासनार हायती."

नानानं वस्तरा धरला, पन गालाला लावला न्हाई. बन्सी आजून आरशाकडंच बघत हुता.

"डॉक्टरनं सुनंला इचारलं, नवव्या म्हयन्याची सुई का न्हाई दिली. ती म्हनली, जावळ व्हायचं हुतं. मंग डॉक्टर म्हनला, जावळ झाल्यावर का न्हाई. तवा ती रडायला लागली. कामाच्या नादात ऱ्हाऊनच गेली." बन्सीनं मानंभवतीचा टावेल सारखा केला. "तुझं नाव मी निघू दिलं न्हाई. सून घेनार हुती, मी गप केलं तिला."

बन्सी असा मानूस हाय. दुसरा कोनी असता तर दुकानासमोर उभा ऱ्हाऊन आई-भैन काढली असती, आन् ती काढायचा हक्क त्याला हुता. बन्सीनं दाढी करून घेतली, टावेलनं तोंड पुसलं आन् पायरीवर जाऊन पेपर उघडला.

त्या दिवशी दुपारी नानानं पोरीला फोन लावला. स्नेहल नगरला नर्सिंग शिकती, दुसऱ्या वर्साला हाय. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अप्पा, तुमी डॉक्टर कवा झाले?"

"टोमने नंतर मार. आधी सांग, त्या सुईनं ताप येतो का न्हाई?"

"येतो. काहींना येतो, आठवड्यानं, एक-दोन दिस. आन् उतरतो. गोवराचा ताप बघितलाय का तुमी? मी बघितलाय वार्डात. पोरं डोळं उघडत न्हाईत."

नानानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नऊ म्हयने भरले की पयली, सोळा म्हयन्यानंतर दुसरी. उशीर झाला म्हनून सोडायची न्हाई, आताबी देता येती. आन् पोरांचंच असं न्हाई. माझ्या कार्डावर एकच लिहिलेली हुती, म्हनून हितं आल्यावर मला दुसरी घ्यायला लावली. वार्डात काम करायचं तर पायजेच, म्हनले. मोठ्या मानसानं घेतली नसंल तर डॉक्टरला इचारून घ्यावी. पोटुशी बाईनं तेवढी घ्यायची न्हाई."

"बरं."

"अप्पा, कुनाकुनाला सांगितलं हुतं तुमी?"

हाच खरा सवाल हुता. नानाकडं वही न्हाई, पुस्तक न्हाई. पन नानाला मानसाचं नाव इसरलं तरी डोकं इसरत न्हाई. तो खुर्चीत बसला, डोळं मिटले आन् दिवाळीपास्नंची डोकी एकेक करून हातांखालनं काढली. दोन भोवऱ्यांचं, ते शिरापूरच्या रस्त्याचं. चपट्या मागच्या बाजूचं, पानतळ्याजवळचं. डाव्या कानावर तीळ असलेलं जुळ्यातलं एक, आन् तीळ नसलेलं दुसरं. ज्यांचं जावळ झालं ती, आन् ज्यांचं ठरवून पुढं ढकललं ती. एकवीस डोकी निघाली.

दुसऱ्या दिवशी तो रेश्मा सिस्टरकडं गेला. सिस्टर निळ्या डब्यातल्या बर्फाच्या पिशव्या मोजत हुती. नाना दारात उभा ऱ्हायला.

"सिस्टर, मी डोकी आनतो. तुमी सुई द्या."

सिस्टरनं वर बघितलं. ती काय तरी लागट बोलनार हुती, तिच्या तोंडावर आलंबी हुतं. पन नानाचा चेहरा बघून तिनं ते गिळलं. "बुधवारी सत्र हाय," एवढंच म्हनली. "किती डोकी?"

"एकवीस."

मंग नानानं म्हैनाभर तेच केलं. सकाळी दुकान, दुपारी कुलूप, आन् एक्सल गाडीवर बसून वस्त्या. आता हे सोपं वाटतं ऐकायला. तीस वर्सं एक सांगायचं आन् मंग दारोदार जाऊन त्याच्या उलटं सांगायचं, हे करून बघावं एखाद्यानं. एका वस्तीवर पोराचा आजा बाजेवर पडल्या पडल्या म्हनला, "रंगनाथा, सुईवाल्यांनी तुला कमिशन चालू केलं काय?"

"व्हय. तुझ्या नातवामागं एक कप चहा."

"मंग आता सुईबी तूच मारशील."

"मी मारली तर तुलाबी मारीन. उठ, सुनंला हाक मार."

सून आली, पोराला काखोटीला मारून. "नाना, तुमीच म्हनले हुते ना जावळाआधी नको."

"म्हनलो हुतो. चुकीचं म्हनलो. बुधवारी ये."

असं वीस वेळा. कुनी हसलं, कुनी वटवट केली, एकीनं तोंडावर दार लावलं आन् चौथ्या खेपेला उघडलं. बैल गेला आन् झोपा केला, असं लोक मागं बोलायचे. बोलू द्या. मागचा बैल गेला म्हनून उरलेल्यांना उघड्यावर ठेवायचं का काय? दसरा सरला तवर वीस पोरं सिस्टरच्या डब्यापुढं बसून, रडून, घरी गेली.

एक ऱ्हायलं. त्या पोरीचं डोकं नानानं बघितलं हुतं, पन वस्तरा आजून लावलेला नव्हता. कल्यान आन् आरतीची पोरगी, अकरा म्हयन्यांची. घरात सगळे तिला बारकीच म्हनायचे. तिचा मामा कर्नाटकात ऊस तोडतो, तो आखाजीला येनार, तवा जावळ. म्हंजी तवर सुई न्हाई. नाना त्यांच्या वस्तीवर गेला तर घराला कुलूप. शेजारनीनं सांगितलं, त्यांची टोळी परवाच ट्रकमधी बसून गेली, बेलापूरकडं, ऊस तोडायला. पोरीला सांभाळायला आजीबी गेली, झुंबरबाई.

रेश्मा सिस्टरनं चार फोन केले. तिकडच्या सिस्टरनं सांगितलं, ऊसतोड्यांच्या अड्ड्यावर पोरांना लस द्यायला आमी बुधवारी जानारच हाय, कारन पलीकडच्या अड्ड्यावर एका पोराच्या अंगावर पुरळ दिसलंय.

"मंग देतील त्या," सिस्टर नानाला म्हनली. "तुमी कशाला येवढं लांब जाता?"

"झुंबरबाई देऊ द्यायची न्हाई. ती माझं ऐकती."

"मंग फोनवर सांगा."

"फोनवर मी कोनबी हाय," नाना म्हनला.

बुधवारी सकाळच्या यष्टीनं नाना निघाला. गाडी बदलत बदलत बेलापूरला उतरला, तिथनं उसाच्या मोकळ्या बैलगाडीत बसून अड्ड्यावर. पाचटाच्या आन् प्लास्टिकच्या कोप्या रांगेनं उभ्या हुत्या, पंचवीस-तीस. मधी मोकळी जागा, तिथं बेलापूरची सिस्टर सतरंजी टाकून बसलेली, बाजूला निळा डबा. टोळी पहाटं तोडीला जाऊन ट्रॅक्टर भरून नुकतीच आली हुती, बाया अंगावरची कुसळं झटकत हुत्या. पाच-सात पोरांना सुया झाल्या हुत्या. बारकी आजीच्या मांडीवर, कोपीच्या दारात. आजी जागची हालत नव्हती, आन् तिच्याकडं बघून आजूबाजूच्या चार बाया पोरं घेऊन तशाच बसल्या हुत्या.

नानाला बघून झुंबरबाईच्या तोंडावर हसू आलं. "या सिस्टरबाई," ती मोठ्यानं म्हनली, "हा बघा आमचा नाना आला. आता इचारा ह्याला. माझ्या तीन लेकरांची जावळं ह्यानंच काढली. नाना, सांग ह्यांना, जावळाआधी सुई चालती का?"

सगळा अड्डा नानाकडं बघायला लागला. कल्यान बिडी इझवून उभा ऱ्हायला.

नाना खाली बसला, झुंबरबाईच्या समोर, मातीत. "चालती," तो म्हनला.

"काय?"

"चालती, आक्का. आजच दे."

झुंबरबाईचं हसू तिथंच वाळलं. "तूच म्हनला हुता."

"म्याच म्हनलो हुतो."

"मंग तवा खोटं बोलत हुता, का आता?"

नानानं वाटंत ठरवलं हुतं, थोडं सांगायचं. डॉक्टर असं म्हनत्यात, सरकार तसं म्हनतंय. पन त्या बाईच्या डोळ्यांपुढं ते काय निघंना.

"सुईनं ताप येतो, ते खरं सांगितलं," तो म्हनला. "पन ते पोरांसाठी न्हाई सांगितलं, आक्का. माझ्यासाठी सांगितलं. एकदा तापलेल्या पोरानं मान हिसडली, वस्तरा लागला, मामानं मला लोकांत मारलं. परत मार नको, माझ्या हाताला डाग नको, म्हनून मी सगळ्यांना तेच सांगत सुटलो. पोराचं पुढं काय हुईल ते मी कधी बघितलंच न्हाई. जावळ झालं की मी धोकटी उचलून घरी."

 ट्रॅक्टरचं इंजिन तेवढं चालू हुतं.

"बन्सीचा ओंकार म्हाईत हाय ना तुला? माझ्या पायरीवर पेपर वाचतो त्या बन्सीचा नातू. त्याची सुई माझ्या बोलन्यापायी ऱ्हायली. गोवर निघाला, छातीत गेला. जगलं पोरगं. पन उजव्या कानानं ऐकू येत न्हाई त्याला, परवा नगरला तपासून सांगितलं. मागनं हाक मारली तर वळत न्हाई." नाना मातीतच जरा पुढं सरकला. "बन्सी मला एक शब्द बोलला न्हाई. तू बोल. काय बोलायचं ते बोल. पन पोरीला सुई दे."

झुंबरबाईनं पोरीचा पाय घट्ट धरला. मंग म्हनली, "तीस वर्सं तुझ्या शब्दावर चाललो आमी. आईबापापेक्षा जास्त."

"व्हय."

"लाज न्हाई वाटली तुला?"

"वाटली. म्हनून आलो."

तेवढ्यात आरती उठली. उसाच्या पात्यांनी हात चिरलेले, डोक्याचा फडका तसाच. ती सासूपुढं कधी बोलत न्हाई, आन् आताबी बोलली न्हाई. नुसती वाकली, सासूच्या मांडीवरनं पोरगी उचलली आन् सतरंजीवर जाऊन बसली. सासूनं पोरीचा पाय धरला हुता, तो आपसूक सुटला.

सिस्टरनं पोरीचा उजवा दंड पुसला. सुई टोचली. पोरगी आधी दचकली, मंग अड्डा डोक्यावर घेतला तिनं. आरतीनं पदराखाली घेतली तशी हुंदके देत देत गप झाली. मागनं त्या चार बायाबी उठल्या. एकीनं नानाच्या पुढनं जाताना तोंड वाकडं केलं, पन पोरगं घेऊन गेली.

"अर्धा तास हितंच बसायचं," सिस्टर म्हनली. "ताप आला तर घाबरायचं न्हाई, एक-दोन दिसांत उतरंल. जास्तच वाटलं तर मला फोन करा."

त्या अर्ध्या तासात अड्ड्यावरच्या बाप्यांनी नानाला सोडला न्हाई. गाव सोडल्यापास्नं कुनाची दाढी झाली नव्हती. कल्यान पयला बसला, उलट्या पाटीवर. "नाना, मीबी टोचून घेऊ का, सुई?" त्यानं इचारलं, अर्धी चेष्टा, अर्धं खरं.

"ल्हानपनी गोवर निघाला हुता का तुला?"

"आई," कल्याननं हाक मारली, "मला गोवर निघाला हुता का?"

"निघाला हुता," झुंबरबाई कोपीतनं म्हनली. "तुज्या भनीलाबी निघाला हुता. तू ऱ्हायला, ती न्हाई."

कल्यानला हे म्हाईत नव्हतं. त्याला एक भैन हुती हेच त्यानं पयल्यांदा ऐकलं. तो गालाला साबन लावलेला तसाच बसून ऱ्हायला. नाना वस्तरा घेऊन थांबला. झुंबरबाई चुलीपुढं फुकत बसली हुती.

सात दाढ्या झाल्या. नानानं धोकटी गुंडाळली. झुंबरबाईनं चहाचा पेला आनून त्याच्या पुढ्यात ठेवला, हातात दिला न्हाई.

"पोरीचं जावळ आमी दुसऱ्याकडनं काढू," ती म्हनली.

नाना चहा प्यायला. गरम हुता, गोड हुता. "काढा," तो म्हनला. "माझी ना न्हाई. पन सोळा म्हयने भरल्यावर पोरीची दुसरी सुई ऱ्हाती. तवा तुमी गावाकडंच असशाल. रेश्मा सिस्टरकडं, बुधवारी."

"कळलं."

"कार्ड कुठं हाय तिचं?"

"आरतीच्या पिशवीत."

"पेटीत ठेव. पिशवी भिजती."

झुंबरबाई उठली, आरतीच्या पिशवीतनं ते पिवळं कार्ड काढलं, सिस्टरनं आत्ताच भरलेली ओळ नखानं एकदा चाचपली आन् पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीखाली ठेवलं.

नाना सडकंला लागला. मोकळी गाडी एकबी नव्हती, सगळ्या उसानं भरलेल्या, कारखान्याकडं चाललेल्या. तो कडंकडंनं स्टँडपतूर चालत गेला.